तुम्ही गुडघ्यांवर होतात तेव्हा

येत्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन आहे आणि मला भीती वाटते आहे. तुम्ही गेल्यानंतरचं हे पहिलंच. आज गुरुवार. सकाळपासून दोनदा दूध उतू गेलं, आणि आता लिहायला बसले तर गॅस बंद केलाय की नाही हे बघायला तीनदा उठून आले. रूथ म्हणाली, आई, तू बस, मी बघते. आपल्या लेकीला वाटतं, हे तुमच्या जाण्याचं दुःख आहे. दुःख आहेच. पण दुःखानं माणूस अशी उठबस करत नाही, अहो. दुःखानं माणूस बसून राहतो. ही धास्ती आहे.

लोक अजून येतात. चपला दारात काढतात, खुर्चीच्या कडेवर टेकतात आणि म्हणतात, प्रभूची इच्छा. मला मेलं त्या वेळी हसू येतं. तुम्ही जन्मभर जी शोधत होतात ती यांना उंबऱ्यातच सापडलेली असते. परवा चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "तुमचे मिस्टर म्हणजे अगदी परिपूर्ण माणूस." मग त्यांना आठवलं असावं, की हा परिपूर्ण माणूस सोळा वर्षं प्रभुभोजनाच्या मेजाशी आला नाही. त्या पटकन पाणी प्यायला लागल्या. मीही काही बोलले नाही. सोळा वर्षं न बोलण्याचा सराव आहे मला.

तुमच्या त्या शोधण्याचा सुरुवातीला मला अभिमान होता. आपलं लग्न ठरताना तुम्ही माझ्या वडिलांना सांगितलंत, मला पंधरा दिवस द्या, मी प्रार्थना करतो. वडील स्वतः मंडळीचे पंच, तरी घरी येऊन म्हणाले, पोरगा चांगला आहे, पण आपण मुलगी दाखवून आलो की वही तपासायला देऊन आलो? पंधराव्या दिवशी तुमचं होकाराचं पत्र आलं. मी ते पत्र कितीतरी दिवस उशीखाली ठेवलं होतं. देवानं मला निवडलंय असं वाटायचं. तुम्ही निवडलंय हे पुष्कळ होतं खरं तर.

पुढं मात्र मला ते जड जायला लागलं. कूलर घ्यायचा तरी तुमची प्रार्थना. मार्च गेला, एप्रिल गेला, रूथच्या पाठीवर घामोळं उठलं, आणि तुम्हाला खूण काही मिळेना. शेवटी मीच औरंगपुऱ्यातल्या दुकानातून हातगाडीवर कूलर घालून आणला आणि सांगितलं, की देव परस्पर माझ्याशी बोलला. तुम्ही हसलात. पण नंतर आतल्या खोलीत जाऊन माझ्या वतीनं क्षमा मागितलीत, ती मी ऐकली. वाळूजला नव्या कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यातल्या एकीनं तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही खूण मागत राहिलात आणि जागा भरली. "बघ, उत्तर मिळालं," तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, उत्तर नाही मिळालं, दुसऱ्याला नोकरी मिळाली.

आपलं हे भांडण मिटलंच नाही. माझं म्हणणं, देवानं डोकं दिलंय ते नुसतं तेल लावायला नाही. तुमचं म्हणणं, डोक्यानं चालणाऱ्या माणसाला स्वतःच्या इच्छेलाच देवाची इच्छा म्हणायची सवय लागते. तेव्हा मी फणकारायचे. आज मला तुमचं पटतं, आणि पटतं म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही.

चिकलठाण्याच्या कंपनीत तुम्ही इन्स्पेक्शनला होतात. झिजून बाद झालेला एक गेज तुम्ही एकदा रूथला दाखवायला घरी आणला होता. हाताएवढा पोलादी दांडा, दोन्ही टोकं निरनिराळ्या मापाची. तुम्ही तिला समजावलंत, की पीसच्या भोकात एक टोक गेलंच पाहिजे आणि दुसरं अडलंच पाहिजे. दोन्ही अडली तर पीस परत मशीनवर, म्हणजे रिवर्क. दोन्ही गेली तर भंगाराच्या पेटीत. रूथनं विचारलं, थोडंसंच चुकलं असेल तर? तुम्ही म्हणालात, थोडंसं असं काही नसतं, बेटा. शॉपमधली माणसं तुम्हाला पाठीमागं पास्टर म्हणायची ती यामुळं. तुम्ही बाद केलेला पीस सुपरवायझरच्या शब्दानंही पास व्हायचा नाही.

तोच गेज तुम्ही स्वतःलाही लावलात. स्वर्गातल्या पित्यासारखं परिपूर्ण व्हायला प्रभूनं सांगितलंय, जवळपास परिपूर्ण व्हायला नाही सांगितलेलं, असं तुम्ही जेवताना म्हणायचात, आणि माझ्या हातातली पोळी तव्यावर करपायची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब भाकर आणि प्याला मांडायचे, आधी ताकीद वाचायचे, की अयोग्यपणे या मेजाशी कुणी येऊ नये, ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्यानं आधी जाऊन ते मिटवावं. मग एकेक बाक उठायचा. आपला बाक उठला की तुम्ही पाय आखडून घ्यायचात, म्हणजे मला पुढं जायला वाट व्हावी. माझी पर्स तुमच्या मांडीवर असायची. मी वेदीपुढच्या कठड्याशी जाऊन गुडघे टेकायचे, भाकर घ्यायचे, प्याला घ्यायचे, आणि परत येऊन तुमच्याशेजारी बसायचे.

जुन्या पाळकसाहेबांनी तुम्हाला किती समजावलं. ते घरी आले होते, मी चहा ठेवला होता आणि कान इकडं होते. ते म्हणाले, परिपूर्ण म्हणजे कसलाच दोष नसलेला माणूस नव्हे, प्रीती करताना कुणाला बाहेर ठेवत नाही तो माणूस. तुम्ही म्हणालात, बाहेर ठेवणंच तर झालंय माझ्याकडून. ते म्हणाले, मग मेज आहे कशाला? तुम्ही म्हणालात, "साहेब, पीस पास आहे की नाही ते गेजनं सांगायचं असतं, पीसनं नाही." त्यांनी चहा घेतला आणि गेले. मी त्या वेळी पुढच्या खोलीत येऊन तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. मी कपबशा विसळल्या.

आता सांगते. तुम्हाला समोर बसवून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून असं.

तेव्हा आपण औरंगपुऱ्यात भाड्यानं राहत होतो, दोन खोल्या एका रांगेत, मधे कापडी पडदा, वर मालकीणबाई. रूथ चार वर्षांची. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा सगळा मराठवाडा पेटला होता. खेड्यापाड्यांतून बौद्धांची घरं जळाल्याच्या बातम्या यायच्या, अर्ध्या खऱ्या, अर्ध्या वाढवलेल्या, आणि कोणती अर्धी खरी ते कळायला मार्ग नव्हता. तुमच्या शॉपमध्ये ड्रिलिंगवर काशिनाथ होता. त्याचं गाव पाचोडच्या पलीकडं. तिथलं त्याचं घर जळलं आणि त्याची म्हातारी माय जीव घेऊन शहरात त्याच्याकडं आली. त्याच्या घरमालकानं तर आधीच खोली रिकामी करायला सांगितली होती. काशिनाथनं सकाळच्या पाळीला तुम्हाला विचारलं, भाऊ, माय अन् बायकोला चार दिवस तुमच्याकडं ठेवता का? तुम्ही म्हणालात, मी प्रार्थना करून संध्याकाळी सांगतो.

त्या दिवशी पाळी लवकर सुटली. तुम्ही घरी आलात, मला सगळं सांगितलंत आणि पडद्याआड जाऊन गुडघे टेकलेत. तुम्ही प्रार्थनेत असताना आत जायचं नाही, हा आपल्या घरचा कायदा. मी बाहेर बसून तांदूळ निवडत होते आणि मला काय वाटत होतं ते ऐका. मला वाटत होतं, देवानं नाही म्हणावं. तुमचे आजोबा, माझे आजोबा आणि काशिनाथचे आजोबा, सगळे एकाच गावकुसाबाहेरचे. आपल्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच्या बापानं पुढं बुद्धाची वाट धरली. पण गल्लीत आपण मिशनवाले होतो. तुमचं योसेफ हे नाव ऐकल्यावर कुणी पुढं काही विचारत नव्हतं. काशिनाथची माय घरात येऊन राहिली असती तर गल्लीनं विचारलं असतं. मला ते नको होतं. ही माझी इच्छा होती, आणि ती देवाची निघावी म्हणून मीही प्रार्थनाच करत होते म्हणा.

आणि काशिनाथ संध्याकाळची वाट न बघता दुपारीच आला. खोलीला कुलूप लागलं होतं त्याच्या. बरोबर बायको गयाबाई, माय, एक ट्रंक. म्हणाला, "वहिनी, भाऊ हायत का? सकाळी बोललो व्हतो." मी सांगितलं, ते प्रार्थनेत आहेत, आणि आमच्याकडं जागा नाही, मालक ठेवून घ्यायचे नाहीत. मालकांना कुणी विचारलंच नव्हतं. तो मान हलवून वळला. तेवढ्यात म्हातारी पायरीवर टेकली आणि पाणी मागितलं. मी तांब्या-पेला आणला. वर मालकीणबाई कठड्याला रेलून बघत होत्या. म्हातारीनं पेल्यासाठी हात पुढं केला, आणि मी तांब्या वर धरला. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग ओंजळ केली. मी वरून पाणी ओतलं.

माझ्या आजीला असंच पाणी मिळायचं. ती सांगायची तेव्हा माझ्या अंगाची लाही व्हायची. आणि मला कुणी शिकवलं नव्हतं, तरी माझा हात आपोआप त्या उंचीवर गेला. वर मालकीणबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "आम्ही तुमच्यातले नाही." आणि दार लावून घेतलं.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा मी म्हणाले, काशिनाथ येऊन गेला, तुम्ही प्रार्थनेत होतात, थांबला नाही. एवढंच. दुसऱ्या दिवशी कळलं की ती तिघं स्टेशनवर पडून होती आणि म्हातारी तापानं फणफणली होती. तुम्ही पाळी सोडून तिला सरकारी दवाखान्यात नेलंत, आठ दिवस उशाशी बसलात. मी रोज भाकरी बांधून दिली, स्वतः एकदाही आले नाही. ती गेली. वय झालं होतं, घर जळलं होतं, कशानंही गेली असती, असं मी मला सांगत आले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी तुम्ही बाकावर पाय आखडून घेतलेत. मला म्हणालात, मी गुडघ्यांवर बसून राहिलो आणि माणूस दारातून परत गेला. मी म्हणाले, तुमची काय चूक त्यात? पुढचं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. पुढचं वाक्य होतं, चूक माझी आहे.

म्हणून रविवारची भीती. तुम्ही ज्या गोष्टीसाठी बाहेर राहिलात ती माझी होती, आणि मी आत जात राहिले. अयोग्यपणे खाणारा आपलाच दंड खातो असं आपल्या धर्मात म्हणतात, ते मला माहीत आहे. आणखी एक रुतून बसलंय. तुम्ही गेलात त्या सकाळी दाढी करताना छाती धरून खाली बसलात, रिक्षात मी तुमचं डोकं खांद्यावर घेतलं होतं, आणि तुम्ही विचारलंत, "तुला काही सांगायचंय?" मला वाटलं, भ्रमात बोलताय. मी म्हणाले, बोलू नका, दम लागेल. दवाखाना येईपर्यंत तुम्ही माझ्याकडं बघत होतात.

आज शुक्रवार. काल वरचं लिहून झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आणि आज दुपारी काशिनाथ आला. कंपनीतल्या तुमच्या लॉकरमधलं सामान घेऊन आला होता: चष्मा, एप्रन, डबा. तो आता फोरमन झालाय, केस पांढरे झालेत. मुकुंदवाडीत घर बांधलंय त्यानं. दफनाला सगळ्यांच्या मागं उभा होता. इतक्या वर्षांत तो आपल्या घरी आला तो दारापर्यंतच. आज मी त्याला आत बोलावलं, तो आला, बसला. इकडचं तिकडचं झालं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, ते गेटवर बघायला तुम्ही दोघं त्याच्या स्कूटरवर गेला होतात, हे त्यानं सांगितलं. तुम्ही मला म्हणाला होतात की ओव्हरटाइम आहे.

मग मी म्हणाले, काशिनाथभाऊ, त्या दुपारचं मी यांना कधी सांगितलं नाही. त्यानं तुमच्या चष्म्याची डबी उघडली, मिटली.

"वहिनी, भाऊला समदं माहीत व्हतं," तो म्हणाला. "त्ये पडद्यामागनं ऐकत व्हते."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं सावकाश सांगितलं. दवाखान्यात तुम्ही त्याच्या मायपुढं जमिनीवर बसलात आणि म्हणालात, मी आत होतो, माझी बायको काय बोलली, दार कसं लावलं, ते सगळं ऐकलं, आणि मी उठलो नाही. उठलो नाही कारण मला सुटल्यासारखं वाटलं. देवाकडं मी खूण मागत होतो, पण मनातून मला तिचीच खूण हवी होती. म्हातारीला धड बोलवत नव्हतं. तिनं एवढंच विचारलं, "लेकरा, तू आत देवाला काय इचारत व्हतास?"

मेजाशी का जात नाही, हे काशिनाथनंही तुम्हाला विचारलं होतं. त्याला आपल्या चर्चमधलं काही कळत नाही, पण मित्र काही खात नाही एवढं त्याला कळलं. तुम्ही त्याला म्हणालात, मी कबूल करायला गेलो तर तिचंही सांगावं लागेल, आणि तिच्या वाट्याचं मी कसं सांगू? आणि अर्धंच सांगून देवाच्या मेजाशी कसा जाऊ? "ती सांगंल त्या दिवशी आम्ही दोघं संगं जाऊ, असं म्हणायचे भाऊ. मला शपथ घातली व्हती, वहिनीला कळू द्यायचं नाय म्हणून. आता भाऊच नाय तर शपथ कुणाची पाळू?"

तो गेल्यावर मी तुमच्यावर इतकी रागावले की तुमचा एप्रन भिरकावून दिला. मग उचलला, घडी घातली. अहो, तुम्ही पडद्यामागं होतात. सोळा वर्षं आपण एका ताटात जेवलो आणि एकच गोष्ट एकमेकांपासून लपवली. मला वाटायचं, मी तुम्हाला फसवतेय, आणि तुम्ही मला फसू देत होतात. एकदा विचारायचं होतंत. कूलरसाठी देवाला दोन महिने विचारलंत, बायकोला एक प्रश्न नाही विचारवला? माझ्या तोंडून आपोआप येईपर्यंत थांबलात. ते तुमचं खूण मागणंच झालं पुन्हा. आणि शेवटी विचारलंत ते रिक्षात, श्वास पुरत नव्हता तेव्हा, आणि मी म्हणाले, बोलू नका.

राग ओसरला की भीती येते. तुम्ही मेजाबाहेर असतानाच गेलात. तिकडं कुठला गेज लावतात, मला माहीत नाही. तुम्ही स्वतःला कुठल्या पेटीत टाकलं असतंत ते माहीत आहे, आणि देवानं एवढं एक तुमचं ऐकू नये अशी मी दुपारपासून विनवणी करतेय. मला वाटतं तुम्ही रिवर्कमधले होतात. मी कोणत्या पेटीतली, ते विचारायची हिंमत नाही.

आज शनिवारी प्रभुभोजनाच्या तयारीची उपासना होती. मी चर्चला गेले नाही, मुकुंदवाडीला गेले, गयाबाईकडं. रेल्वे स्टेशनाच्या अलीकडंच घर आहे त्यांचं. गयाबाई पापड वाळत घालत होती. मी म्हणाले, तुमच्या सासूबाईंची माफी मागायला आले, त्या नाहीत म्हणून तुमच्याकडं आले. ती हात पुसत उठली नाही, तशीच बसून बोलली. माफीचं आम्हाला नाय जमत बाई, ती म्हणाली, ज्याचं त्यानं बघावं. मी म्हणाले, मी त्यांना वरून पाणी घातलं हो. त्यावर तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"तुला वाटतं ती पिली व्हती? तू दार लावलंस अन् तिनं वंजळ सोडून दिली. तहानलेली तशीच उठली."

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी निदान पाणी दिलं, असं एक मनात धरून होते. तेही गेलं. मी तिथंच पापडांच्या खाटेशेजारी रडले, आणि गयाबाईनं मला उगी उगी केलं नाही, हे बरं केलं. थोड्या वेळानं म्हणाली, सासू लई तोंडाची व्हती, आज असती तर तुला आधी शिव्या दिल्या असत्या अन् मग जेवायला बसवलं असतं. मला शिव्या नाय येत. मग तिनं चहा टाकला. आम्ही दोघींनी तो घेतला. निघताना म्हणाली, पुढच्या आठवड्यात कुरड्या करणार हाय, हात लावायला ये. हो म्हणाले.

संध्याकाळी रूथला सगळं सांगितलं. तुमच्यासारखीच ऐकते ती, मधे बोलत नाही. शेवटी तिनं विचारलं, मी कुठं होते तेव्हा? मी म्हणाले, झोपली होतीस. ती उठून गॅलरीत गेली. जेवताना ताट वाढलं ते तिनं खाल्लं, भांडी घासली, पण बोलली नाही. मला तिची भीती वाटली, तुमची कधी वाटली नव्हती इतकी.

आणि हे रविवारी दुपारी लिहितेय.

सकाळी आम्ही दोघी एकाच रिक्षातून गेलो आणि बाकाच्या दोन टोकांना बसलो. मधे तुमची जागा रिकामी. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांनी तीच ताकीद वाचली. मी ठरवलं होतं, की आता मी बसायचं. तुम्ही सोळा वर्षं बसलात, मी मरेपर्यंत बसेन. म्हणजे फिटेल असं नाही, पण निदान खोटं होणार नाही. पुढचे बाक उठत गेले. आमचा आला. लोक सरकायला लागले आणि मी पाय आखडून घेतले.

रूथ माझ्या पायांशी येऊन थांबली. मागची माणसं खोळंबली. कालपासूनचं तिचं पहिलं बोलणं ते.

"आई, ऊठ. योग्य झाल्यावर जाईन म्हणून पप्पा बसून राहिले. आता तू नको."

मी म्हणाले, मला नाही जमणार. ती म्हणाली, मला पण तुझ्याबरोबर जायला आज जमत नाहीये, तरी चल. आणि तिनं माझ्या दंडाला धरलं, जरा जोरातच.

मी उठले. योग्य नव्हते, अहो, तुमच्या कुठल्याच मापानं नव्हते. कठड्याशी गुडघे टेकले तेव्हा मला काही शांतबिंत वाटलं नाही, आणि देवाची इच्छा काय आहे हेही कुणी कानात सांगितलं नाही. मी मनातल्या मनात म्हातारीचं नाव घेतलं. सरुबाई. ते मला कालच गयाबाईकडून कळलं, इतकी वर्षं मी विचारलं नव्हतं. मग तुमचं नाव घेतलं. मग भाकर घेतली.

तुम्ही म्हणाला होतात, दोघं संगं जाऊ. सोळा वर्षं तुम्ही माझ्यासाठी थांबलात. आज मी तुमच्यासाठी थांबले नाही. रागावू नका.